दर दुसऱ्या समेला एक घोट

घरच्या बैठकीत पेल्याबरोबर काय ऐकावं आणि कसं ऐकावं, यावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. पत्रं मुख्यतः इंदूरची आली, काही देवास आणि महूची. त्यांतले आठ प्रश्न निवडले आहेत. मध्य प्रदेशात दारू विकत घेण्याचं कायदेशीर वय २१ आहे, त्याखालच्या वाचकांनी हे पान उलटावं. आणि जो पीत नाही, त्यानं गाण्यासाठी म्हणून सुरुवात करावी असं आम्हाला मुळीच म्हणायचं नाही. पिणाऱ्यानं कमी आणि सावकाश प्यावं आणि गाणं मात्र पोटभर ऐकावं, यासाठी हा खटाटोप.

प्रश्न : दर शनिवारी रात्री आठ ते अकरा आम्ही चार मित्र बसतो. सगळे पन्नाशी ओलांडलेले. व्हिस्की असते. एकाला गझल हवी, दुसऱ्याला जुनी सिनेमाची गाणी, मला शास्त्रीय. दर दहा मिनिटांनी कुणीतरी फोन ओढून घेतो आणि गाणं अर्ध्यावर तुटतं. एखादा क्रम लावून द्याल का? — रामबाग, इंदूर

उत्तर : क्रम लावताना कुणाची आवड मोठी हे बघू नका, तुमचा हात किती वेगानं पेल्याकडे जातो ते बघा. गाण्याची लय हातात उतरते. त्यामुळे वेगवान, तुकड्यातुकड्यांचं संगीत पहिल्या तासात लावलं की बाटली लवकर उतरते आणि नऊ वाजता बैठक संपल्यातच जमा होते.

आठ ते नऊ वाद्यसंगीत लावा. या तासात सगळ्यांना आठवड्याभराचं बोलायचं असतं. गाण्यात शब्द असले तर तुमचे शब्द आणि गाण्याचे शब्द एकमेकांवर आदळतात, मग दोघांचाही आवाज चढत जातो. सतार, सरोद, बासरी, संतूर यांचं तसं होत नाही. यमन, भूप, हमीर, केदार हे रात्रीच्या पहिल्या प्रहराचे राग आठ वाजता अगदी वेळेवर बसतात. निखिल बॅनर्जी यांची सतार किंवा आपल्या ग्वाल्हेरचे अमजद अली खाँ यांचा सरोद घ्या, पण आलाप-जोड, म्हणजे तबला सुरू होण्याआधीचा भाग, लांबलचक असलेलं ध्वनिमुद्रण निवडा. 'झाला', म्हणजे शेवटचा वेगवान भाग, सुरू झाला की हात आपोआप पेल्याकडे वळतो. तो वेळ उठून पाणी भरायला, खिडकी उघडायला वापरा.

काही जण संध्याकाळ म्हणून मारवा लावतात. मारवा हा सूर्यास्ताचा राग. इंदुरात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य पावणेसहाच्या आत मावळतो, जूनच्या शेवटी सव्वासाताच्या आसपास. आठ वाजता त्याची वेळ टळलेली असते. शिवाय त्यात पंचम (प) नाही, षड्ज (सा) टाळत टाळत जायचं, कोमल ऋषभाची (रे) हुरहूर सारखी सोबत असते. थकून आलेल्या माणसाच्या पोटात त्या अस्वस्थतेबरोबर व्हिस्की गेली की ती जड होते. मारवा ऐकावाच, पण चहाबरोबर, मंडळी जमण्याआधी.

नऊ ते दहा हा तास विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, ख्यालाचा, आणि इंदूरकरांनी तो उस्ताद अमीर खाँसाहेबांना द्यावा. १९१२ ते १९७४ हा त्यांचा काळ. वडील शाहमीर खाँ होळकरांच्या दरबारी होते, खाँसाहेब इंदुरातच वाढले आणि त्यांच्या गायकीला आपल्या गावाचं नाव मिळालं. झुमरा हा त्यांचा आवडता ताल, १४ मात्रांचा, ३-४-३-४ अशा विभागांचा. ते तो इतका संथ घेतात की एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, पुरं व्हायला साधारण एक मिनिट लागतं. आता हिशेब करा. ३० मिली व्हिस्कीत १५० मिली पाणी घातलं की पेल्यात १८० मिली होतात. लहान घोट सहा मिलीचा धरला तर तीस घोट. साठ मिनिटांत तीस घोट म्हणजे दोन मिनिटांना एक, म्हणजेच दर दुसऱ्या समेला (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला) एक घोट. समेची वाट बघायची सवय एकदा लागली की घाई उरत नाही, आणि विशेष म्हणजे तालही कळायला लागतो. तबल्याचा ठेका मांडीवर धरा. ज्याला सम सापडत नाही त्यानं शेजाऱ्याच्या हाताकडे बघावं. शुद्ध कल्याण, बागेश्री आणि मालकंस ही त्यांची ध्वनिमुद्रणं सहज मिळतात. त्यांची एक प्रसिद्ध एल.पी. (लाँग-प्ले तबकडी) आहे, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. दरबारीची बाजू शेवटच्या पेल्यानंतर लावा, नुसत्या पाण्याबरोबर.

तासाला एक लहान पेग हा वेग आम्ही मनानं ठरवलेला नाही. ४२.८ टक्क्यांच्या ३० मिली व्हिस्कीत सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असतं, आणि शरीर साधारण तासाभरात तेवढंच पचवतं. ६० मिलीचा 'लार्ज' भरला की हिशेब तिथेच मोडतो. चार जणांना तीन तासांसाठी ३७५ मिलीचा एक अद्धा म्हणजे प्रत्येकी तीन लहान पेग. त्याच्यावर जाऊ नका. कमी झालं तर फारच चांगलं.

दहानंतर गझल आणि ठुमरी. तोवर बोलणं आपोआप ओसरलेलं असतं, आणि गझलेला तीच शांतता लागते. पहिली ओळ दोन-तीनदा फिरवून गायक दुसऱ्या ओळीची उत्सुकता ताणतो. नेमकं त्याच क्षणी कुणी "अरे, तुझ्या मुलीचं काय झालं?" असं विचारलं की शेर वाया जातो. बेगम अख्तर आणि मेहदी हसन यांच्यापासून सुरुवात करा. एका बैठकीत चार-पाच गझला पुरतात. अनोळखी उर्दू शब्दांचे अर्थ आधीच एका कागदावर लिहून ठेवा आणि गझल लावण्यापूर्वी वाचून दाखवा. हे करणाऱ्या बैठकी फार कमी, पण करून बघा, ऐकण्यात फार फरक पडतो.

जुनी सिनेमाची गाणी सगळ्यांत शेवटी, बाटलीला बूच लागल्यावर. ही गाणी तीन-सव्वातीन मिनिटांची असतात, कारण मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. दर तीन मिनिटांनी मूड बदलतो, सगळे बरोबरीनं गायला लागतात, आणि हातात पेला असेल तर तोही दर गाण्याला रिकामा होतो. पेला नसताना हीच गाणी घर भरून टाकतात.

फोनच्या ओढाओढीवर साधा उपाय आहे. यादी दुपारीच करून फोनवर उतरवून घ्या, फोन विमान मोडवर टाका, आणि अ‍ॅपमधला 'ऑटोप्ले' बंद करा, नाहीतर दरबारी संपल्या संपल्या अ‍ॅप स्वतःच्या मनानं लग्नाचं गाणं लावतं. दोन गाणी एकमेकांत मिसळणारी 'क्रॉसफेड'ची सोयही बंद हवी. ती आलापाचा शेवट खाऊन टाकते.

आणि गाडी. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे. तासाभरात दोन लहान पेग झाले तर कमी वजनाच्या माणसाचं प्रमाण ती सहज ओलांडतं. ज्याच्या घरी बैठक, त्यानं परतीच्या रिक्षाची सोय आठ वाजताच बघावी, अकरा वाजता नव्हे.

प्रश्न : आम्ही आवाज बेताचाच ठेवतो, तरी खालच्या मजल्यावरून तक्रार येते. आमच्या कानांना तर तो कमीच वाटतो. चूक कुणाची? — सुदामा नगर, इंदूर

उत्तर : खालच्यांचं बरोबर आहे. अल्कोहोलनं कान तात्पुरता मंदावतो, आणि सर्वांत जास्त मंदावतो तो खालच्या, खर्जाच्या सुरांना. म्हणून दुसऱ्या पेल्यानंतर 'बेस कमी वाटतोय' असं म्हणत कुणीतरी बटण फिरवतं. दुर्दैवानं भिंतीतून आणि स्लॅबमधून सर्वांत सहज जातो तोही खर्जच. तुम्हाला जे ऐकू येईनासं होतं, तेच खाली धडधडतं.

आवाज पहिला घोट घेण्याआधी ठरवा आणि बटणाच्या बाजूला कागदी चिकटपट्टीनं खूण करा. फोनमधलं ध्वनिमापक अ‍ॅप अगदी अचूक नसतं, पण अंदाज देतं. बसण्याच्या जागी ५५ ते ६० डेसिबल दाखवलं की गप्पांबरोबर ऐकायला पुरे, नुसतं ऐकायचं असेल तर ६५पर्यंत. खुणेच्या वर रात्रभर जायचं नाही. दहा डेसिबल वाढले की आवाज कानाला जवळपास दुप्पट वाटतो, हे लक्षात असू द्या. निवासी भागाच्या परिसरासाठी (खोलीतल्या आवाजासाठी नव्हे) नियमांतली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि त्या नियमांत रात्र दहाला सुरू होते.

कमी आवाजात गाणं पोकळ वाटतं, कारण कमी आवाजात कान खर्ज आणि अगदी वरचे सूर नीट पकडत नाही. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचं बटण असतं ते यासाठीच. ते दाबा. नसेल तर इक्वलायझरमध्ये बेस दोन-तीन डेसिबलच वाढवा, आणि हेही सुरुवातीलाच करा, मध्येच नाही.

आता खोली. आपल्याकडच्या दिवाणखान्यात खाली टाइल्स, चारी बाजूंना सपाट प्लास्टर आणि वर पंखा. आवाज सगळीकडून उलटून येतो, गायकाचे शब्द पुसट होतात, आणि शब्द कळावेत म्हणून आवाज वाढवला जातो. जाड सतरंजी, तिच्यावर गादी, समोरच्या भिंतीवर चुण्या घातलेला पडदा, एवढ्यानं शब्द स्पष्ट होतात आणि आवाज उतरवता येतो. स्पीकर जमिनीवर किंवा कोपऱ्यात ठेवू नका, कोपरा खर्ज फुगवतो. मागच्या भिंतीपासून किमान एक फूट सोडा, खाली रबराचा तुकडा किंवा घडी घातलेली जाड चादर द्या म्हणजे स्लॅबला धक्का जात नाही. दोन स्पीकर एकमेकांपासून जेवढे लांब, साधारण तेवढ्याच अंतरावर बसा. आणि एक बाब बहुतेकांच्या नजरेतून सुटते. स्पीकरमधला छोटा गोल, ज्यातून वरचे सूर येतात, तो कानाच्या उंचीवर हवा. खुर्चीत बसलं तर कान जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर असतो, गादी-लोडाच्या बैठकीत अडीच फुटांवर. भारतीय बैठक घातली की स्पीकरही खाली उतरवा, किंवा पुढे किंचित झुकवा. सगळं चांगलं असून आवाज 'डोक्यावरून जातो' तो यामुळे.

प्रश्न : मी पीत नाही. मित्र पितात, आणि बैठकीत माझं काय काम हेच मला कळत नाही. — टिळक नगर, इंदूर

उत्तर : तुमच्याकडे बैठकीतलं सर्वांत महत्त्वाचं काम द्यायला हवं. आवाजाचं बटण आणि गाण्यांची यादी तुमच्या हातात असावी, कारण शेवटपर्यंत खरा राहणारा कान तुमचाच. कोणता राग कधी थांबवायचा आणि गझलेच्या आधी किती वेळ शांतता ठेवायची, हे तुम्हीच ठरवा. न पिणाऱ्याला मैफल कळत नाही असं कुणी म्हणालंच, तर त्याला रियाज खैराबादींचं नाव सांगा. उर्दूत मद्यावरच्या शायरीसाठी प्रसिद्ध असलेला हा शायर स्वतः पीत नसे. पडद्यावर दारुडे अजरामर करणारे जॉनी वॉकर तर जन्मानं इंदूरचे, तेही दारूला शिवत नसत. कोकमाचं सरबत किंवा लिंबू-सोडा चांगल्या काचेच्या पेल्यात घ्या, स्टीलच्या भांड्यात नको. पाहुणचारात दुजाभाव दिसता कामा नये.

प्रश्न : आजोबांच्या ७८च्या तबकड्या आहेत, नाट्यगीतांच्या आणि जुन्या ख्यालांच्या. गेल्या आठवड्यात एका तबकडीवर व्हिस्की सांडली. पाहुण्यांनी लगेच स्पिरिटनं पुसली. आता तिथे पांढुरका डाग आहे आणि खरखर येते. काय करावं? — लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : पुसण्यामागचा हेतू चांगला होता, पण स्पिरिटनंच नुकसान वाढवलं. ७८ची तबकडी लाखेची असते. लाखेत दगडाची बारीक पूड आणि काजळी कालवून, तापवून दाबलेली. आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सुतार चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला पॉलिश करतो ना, तोच चपडा तुमच्या तबकडीत आहे. व्हिस्कीत निम्म्याहून जास्त पाणी असतं, म्हणून थेंबभर सांडली आणि लगेच टिपली तर सहसा निभावतं. स्पिरिटमध्ये अल्कोहोल जवळपास निखळ, आणि वरून घासणं. खाच मऊ पडली, तिच्या कडा झिजल्या, पृष्ठभाग पांढुरका झाला. ती खाच परत येणार नाही. पॉलिश, तेल, मेण यांतलं काहीही लावू नका, सुई त्यात रुतेल आणि उरलेली खाचही जाईल.

जे उरलं आहे ते वाचवण्यासाठी तबकडी कोमट नव्हे, साध्या तापमानाच्या डिस्टिल्ड पाण्यानं स्वच्छ करा. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी चालतं. पाव लिटर पाण्यात भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचा एक थेंब. मधल्या कागदी लेबलवर पाणी जाता कामा नये, त्यावर प्लॅस्टिकची वाटी पालथी दाबून धरा. मऊ सुती कापड किंवा मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं, म्हणजे गोलाकार फिरवा, मध्याकडून कडेकडे नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं दोनदा धुवा. कोला मिसळलेली व्हिस्की असेल तर तीनदा, कारण साखर खाचेत वाळून दगड होते. टिपून घ्या, सावलीत उभी करून रात्रभर वाळवा. ऊन आणि हेअर ड्रायर दोन्ही वर्ज्य, तबकडी वाकते. वाळल्यावर एकदाच वाजवा आणि त्याच वेळी संगणकावर ध्वनिमुद्रित करून ठेवा. त्यानंतर तिला विश्रांती.

पुढच्या वेळी सांडलं तर आधी सुई उचला, मग तबकडी थांबवा. फिरत्या तबकडीला कापड लावू नका. घासायचं नाही, कापड वरून ठेवून टिपायचं, आणि लगेच डिस्टिल्ड पाणी.

खरखरीचं दुसरं कारण सुईत असू शकतं. चावीचा ग्रामोफोन असेल तर पोलादी सुई प्रत्येक बाजूला नवी लावावी लागते. दगडाची पूड सुईचं टोक झिजवून सपाट करते, आणि सपाट झालेली कड पुढच्या तबकडीची खाच तासत जाते. आजकाल एकच सुई महिनाभर वापरतात, आणि तबकड्या जुन्या झाल्या म्हणून हळहळतात. विजेच्या टर्नटेबलवर वाजवत असाल तर ७८साठी वेगळी सुई लागते, टोक सुमारे ७५ मायक्रॉनचं. एल.पी.च्या सुईचं टोक १८ मायक्रॉनच्या आसपास असतं. ती ७८च्या रुंद खाचेच्या तळाशी लोळत राहते, जिथे सगळी धूळ बसलेली असते, आणि तुम्हाला गाण्याऐवजी तळाची धूळ ऐकू येते.

एल.पी. मात्र पीव्हीसीच्या असतात. त्यांना व्हिस्की विरघळवत नाही, पण साखर आणि बोटांचं तेल बाधतं. कोणत्याही तबकडीसाठी बैठकीचा नियम एकच: टर्नटेबल पेल्यांच्या टेबलापासून हातभर लांब आणि टेबलाहून उंच. पेला उपडा झाला तर पाणी वर चढत नाही. आणि एकाच टेबलावर दोन्ही ठेवले तर पेला आपटल्याचा ठोका सुईला बसतो.

प्रश्न : कुमारजींची निर्गुणी भजनं पिताना लावावीत का? आमच्यात यावरून वाद झाला. — देवास

उत्तर : आमचं मत, लावू नयेत. कुमार गंधर्व आजारपणामुळे १९४८मध्ये देवासला आले आणि माळव्याच्या मातीतून ही भजनं त्यांच्या गळ्यात आली. त्यांच्या गाण्यात शांततेचे तुकडे असतात, एक स्वर सुटतो आणि मग काही क्षण काहीच नसतं. त्या रिकाम्या जागेत बर्फाचा खळखळाट आला की भजन मोडतं. त्यांना सकाळ द्या, किंवा रात्री सगळे गेल्यावरचा एकटा वेळ. घरात आजी असेल आणि अभंग लावलेले तिला खटकत असतील, तर तो विषय तिथेच मिटवा. तिचा आक्षेप रास्त आहे. नाट्यगीतांना आमची हरकत नाही. ती मैफलीतच वाढली.

प्रश्न : आम्ही नोकरी करणारे पाच जण भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. बिअर आणि डीजेची गाणी असतात. दोन बाटल्यांत सगळे आडवे होतात. लोक चार-चार पितात म्हणे. आमचं काय चुकतं? — विजय नगर, इंदूर

उत्तर : बाटलीचा मोजमाप चुकतोय. 'स्ट्राँग' बिअर ८ टक्क्यांपर्यंतची असते. ६५० मिलीच्या एका बाटलीत त्या हिशेबानं सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे व्हिस्कीचे चार लहान पेग. दोन बाटल्या म्हणजे आठ पेग. आडवं व्हायला ते पुष्कळ झालं, चार पिणाऱ्यांशी स्पर्धा नकोच. ५ टक्क्यांची ३३० मिलीची बाटली घेतली तर ती १३ ग्रॅमवर थांबते.

आणि हे गाण्यावरही अवलंबून आहे. फ्रान्समधल्या बारमध्ये संशोधकांनी गिऱ्हाइकांना न कळू देता हे मोजलं, २००८मध्ये ते प्रसिद्ध झालं. संगीत ७२ डेसिबलवर असताना पाव लिटर बिअरचा ग्लास संपायला सरासरी साडेचौदा मिनिटं लागत होती. ८८ डेसिबलवर साडेअकरा. मोठ्या आवाजात बोलता येत नाही, मग तोंडाला दुसरं काम लागतं. नाचायचं असेल तर खुशाल नाचा, पण तेव्हा हातात बाटली नको. अर्धा तास नाच, मग आवाज निम्म्यावर आणि लय खाली: कव्वालीची सुरुवात, राजस्थानी मांगणियारांचं गाणं, किंवा आपल्या किशोरकुमारांची संथ गाणी. खांडव्याचे किशोरकुमार इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकले. तुमच्या गावावर त्यांचा हक्क आहेच. दोन बाटल्यांच्या मध्ये एक मोठा ग्लास पाणी. रिकाम्या पोटी सुरू करू नका.

प्रश्न : दारू सोडून आठ महिने झाले. पण ठरावीक गझल लागली की हात पेला शोधतो. गाणं सोडावं का? — पत्ता दिलेला नाही

उत्तर : गाणं सोडू नका. ती यादी मात्र सध्या बाजूला ठेवा. वर्षानुवर्षं तीच गझल, तीच खुर्ची, तोच दिवा आणि तोच पेला एकत्र आले, म्हणून एकाची चाहूल लागताच मन बाकीचं मागतं. हा मनाचा दुबळेपणा नाही, सवयीची गाठ आहे, आणि ती सोडवता येते. संगीताची वेळ बदला, रात्रीऐवजी सकाळ. खुर्ची बदला. तोच राग वेगळ्या गळ्यातून किंवा वाद्यावर ऐका. हाताला काम द्या: ठेका धरणं, पेटीवर सरगम, काहीही. ओढ साधारण पंधरा-वीस मिनिटं चढते आणि मग उतरते. तेव्हा एक विलंबित ख्याल लावा आणि तो संपेपर्यंत कोणताही निर्णय घ्यायचा नाही असं ठरवा. द्रुत, म्हणजे ख्यालाचा वेगवान भाग, सुरू होईपर्यंत बहुतेक वेळा लाट ओसरलेली असते. काही महिन्यांनी ती गझल दुपारी, कुणाच्या तरी सोबतीत, चहाबरोबर ऐकून बघा. त्रास झाला तर थांबा, ती कुठे जात नाही.

ओढ रोजचीच होऊ लागली तर एकट्यानं झुंजू नका. व्यसनमुक्तीसाठी सरकारची हेल्पलाइन १४४४६ आहे, मन उदास असेल तर टेली-मानसचा क्रमांक १४४१६. आणि जे अजून रोज भरपूर पितात, त्यांनी हे वाचून एका रात्रीत बंद करू नये. अचानक थांबल्यानं कापरं, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबावं.

प्रश्न : पिताना चखण्याला काय ठेवावं, म्हणजे गाणं बिघडणार नाही? — छावणी, इंदूर

उत्तर : फार नेमका प्रश्न. लवंगी शेव, चिवडा, तळलेले पापड यांचा कुरकुराट जबड्याच्या हाडातून सरळ कानात जातो. खाणाऱ्याला आलाप ऐकूच येत नाही, आणि शेवेच्या मिठानं तहान लागून पेला लवकर रिकामा होतो. कुरकुरीत सगळं पहिल्या तासात, गप्पांबरोबर. विलंबित सुरू झालं की मऊ पदार्थ: भुट्ट्याचा कीस, उकडलेले दाणे कांदा-लिंबू घालून, पनीर. थंडीत गराडू (तळून खायचा कंद) हवेच, पण दोनदा तळून कुरकुरीत केलेले गराडू गझलेच्या आधी संपवा. प्रत्येकाजवळ ओला रुमाल द्या, तेलकट बोटं तबकडीला आणि फोनला लागतात. बर्फाचे बारीक खडे टाकण्याऐवजी एकच मोठा तुकडा टाका. तो सावकाश वितळतो, आणि वाजत नाही.